मखर मोडायची तार

थर्माकोलवर बंदी आली त्या उन्हाळ्यात, म्हणजे २०१८ साली, मी भाईंदरच्या इंद्रलोकातल्या आमच्या सोसायटीच्या गेटवर सेक्रेटरींशी पाऊण तास भांडलो होतो. त्या बिचाऱ्यांनी एवढंच विचारलं होतं, "मग या वर्षी मखराचं काय?" त्यांचा काही दोष नव्हता. पण मला कोणावर तरी ओरडायचं होतं आणि सरकार काही आमच्या गेटवर येणार नव्हतं. वेफर्सच्या पिशव्या चालतात, पाण्याच्या बाटल्या चालतात, आणि वर्षातून एकदा देवापुढे उभं राहणारं मखर तेवढं डोळ्यांत खुपतं? असं बरंच बोललो. शेवटी म्हणालो, "माझ्या कामात एक दाणा सांडत नाही. चला वर, फरशी बघा."

फरशीचं खरं होतं. म्हणूनच मला ते वाक्य इतकी वर्षं पुरलं.

मी अंधेरीला एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन होतो. तिथे इमारतींची मॉडेलं व्हायची. टेकडीचे उतार, आजूबाजूच्या बिल्डिंगांचे ठोकळे, सगळं थर्माकोलात आणि सगळं गरम तारेने कापलेलं. २००४ साली भाईंदर पूर्वेला राहायला आलो आणि त्याच वर्षी घरच्या गणपतीसाठी एक महिरप केली. शेजाऱ्यांनी पाहिली, त्यांना हवी झाली. पुढची चौदा वर्षं जूनपासून चतुर्थीपर्यंत आमचा हॉल हा हॉल नसायचा. दरवर्षी दहा-बारा मखरं. पैसे फार नव्हते. मुलीची शाळेची फी निघायची आणि 'मखरवाले काका' म्हणून इंद्रलोकात ओळख होती. ओळखीचं मोल फीपेक्षा जास्त वाटायचं, हेही सांगून टाकतो.

कटर घरीच बनवला. तार नायक्रोमची, अठ्ठावीस गेज, लोहार चाळीतून. निकेल आणि क्रोमियमचा हा मिश्रधातू इस्त्रीत असतो, टोस्टरमध्ये असतो. तापतो पण सहजी जळत नाही. लॅमिंग्टन रोडवरून बारा व्होल्ट, तीन अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर. अर्धा मीटर तारेचा रोध पाच ओहमच्या आसपास भरतो, म्हणजे तीस वॅटच्या आतच काम. घरातल्या जुन्या ट्यूबलाइटपेक्षाही कमी. ट्रान्सफॉर्मरच्या आधी पंख्याचा जुना, कट-कट वाजणारा गोल रेग्युलेटर जोडला. खाली प्लायवूडचं टेबल, त्यातून वर येणारी उभी तार, आणि वरच्या लाकडी हाताला एक स्प्रिंग.

स्प्रिंगचं महत्त्व पहिल्या दिवशी कळत नाही. अर्धा मीटर तार दोनशे अंशांनी तापली की जवळजवळ दीड मिलिमीटर लांबते. दीड मिलिमीटर म्हणजे काय, असं वाटतं. पण तेवढ्यानेच ती ढिली पडते, आणि ढिली तार सरळ खांबाला पोट आणते. माझे पहिले दोन खांब गरोदर होते.

तार लाल दिसली तर ती चुकली. लाल तार धूर काढते, कडा काळी करते, चीर रुंदावते. बरोबर तापलेली तार अगदी साधी, काळपट दिसते. लहान मूल हात लावेल इतकी निरुपद्रवी. थर्माकोलला ती जेमतेम टेकते. पुढे केसभर अंतरावर दाणे आपसूक आक्रसून मागे सरतात आणि तार त्या वाटेने जाते. आपण शीट ढकलायची नाही, फक्त सोबत द्यायची. घाई केली तर तारेचा मधला भाग मागे राहतो, दोन टोकं पुढे जातात आणि कोपरा गोलावतो. थांबलात तर थांबल्या जागी खड्डा. फार हळू गेलात तर मागे म्हातारीच्या कापसासारखे धागे निघतात. हे सगळं जमलं की एक आवाज येतो. गरम तव्यावर पाण्याचा थेंब पडावा आणि तो आपल्याला शेजारच्या खोलीतून ऐकू यावा, इतका बारीक. त्या आवाजाचं मला व्यसन होतं.

गोल कापायचा तर टेबलावर तारेपासून हव्या त्या अंतरावर खिळा उलटा ठोकायचा, शीट त्यावर रोवायची आणि फिरवायची. कंपासाला लाजवेल असं वर्तुळ निघतं. कळसाच्या चकत्या मी अशाच काढायचो. मोठ्या महिरपीला मात्र टेबल पुरत नाही, तिथे तार ताणलेलं धनुष्य लागतं. जाड ठोकळ्याच्या दोन्ही अंगांना फॉर्मायकाचे सारखे साचे टाचायचे, दोन्हींवर एक ते वीस आकडे लिहायचे, आणि दोघांनी दोन टोकं धरून एकाच वेळी त्या त्या आकड्यावर पोचायचं. दुसरं टोक बायकोकडे. ती मोठ्याने आकडे म्हणायची. आमच्या संसारातलं सगळ्यात एकमताचं बोलणं ते असावं. एका वर्षी चौदावर आलो असताना कुकरची शिट्टी झाली आणि तिने मान वळवली, तर महिरपीला तिथे कायमचा एक लचका. त्यावर मी कमळ चिकटवलं. गिऱ्हाईकाला कमळ फार आवडलं.

एक गोष्ट मात्र लपवायची नाही. कापताना गोडसर वास येतो आणि मला तो चांगला वाटायचा. पॉलिस्टायरिन तापलं की स्टायरिनची वाफ निघते. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था स्टायरिनला बहुधा कर्करोगकारक मानते. मी पावसाची झड आत येते म्हणून खिडकी लावून कापायचो, बाजूला मुलगी अभ्यास करत असायची. डोकं धरलं की चहा घ्यायचो.

तर ती स्वच्छ फरशी. ब्लेडने किंवा करवतीने थर्माकोल कापलं की दाणे सुटतात, विजेच्या भाराने अंगाला, पडद्याला, देव्हाऱ्याला चिकटतात, झाडूच्या पुढे पळतात. तारेने तसं होत नाही. कड वितळून बंद होते. मी रात्री काम आवरलं की हॉल जसाच्या तसा. यावरून मी असा निष्कर्ष काढला होता की घाण करतात ते ब्लेडवाले. मी नाही.

आता २०१७ चं सांगतो. हे मी गेटवरच्या भांडणात सांगितलं नव्हतं. नंतरही बरीच वर्षं कुणाला सांगितलं नाही.

त्या वर्षी सोसायटीच्या गणपतीचं मखर मी फुकट केलं होतं. सहा फुटी महिरप, दोन्ही बाजूंना जाळी, दहा शीट खाल्ली तिने. पाच दिवसांचा गणपती, विसर्जन २९ ऑगस्टला. त्या दिवशीचा पाऊस मुंबईकर विसरलेले नाहीत. लोकल बंद पडल्या, माणसं कार्यालयात अडकली. मी घरीच होतो. पोरांनी कशीबशी मूर्ती हलवली आणि मखर उचलून वॉचमनच्या केबिनमागे टेकवून ठेवलं. दोन दिवसांनी कचऱ्याची गाडी आली. सहा फुटांचं मखर त्या गाडीत मावत नाही, हे मला चौदा वर्षांत कधी सुचलंच नव्हतं. गाडीवरच्या दोघांनी ते आडवं टाकलं आणि पायाने मोडलं. दुसरं काय करतील? मोडताना कड तारेची नसते. मोडताना प्रत्येक भेगेतून दाणे सुटतात.

कंपाउंडमध्ये अजून घोट्याएवढं पाणी होतं. त्यावर साबुदाणा सांडावा तसे दाणे पसरले. पाण्याला ओढ होती ती गेटाबाहेरच्या गटाराकडे. गटार नाल्याला, नाला खाडीला. जेसल पार्कच्या चौपाटीवर खारफुटीच्या मुळांत भरतीनंतर काय काय अडकतं ते मी रोज संध्याकाळी फिरायला जाताना बघतच होतो. चार मिलिमीटरचा दाणा धरला तर दोन इंची शीटमध्ये सात लाखांच्या आसपास दाणे बसतात. हा हिशेब मी पुढे कधीतरी कागदावर केला. त्या दिवशी फक्त छत्री धरून उभा राहिलो. एका माणसाने माझ्याकडे बघून विचारलं, "काका, झाडू आहे का?" मी "बघतो" म्हणालो, वर गेलो आणि खाली आलो नाही.

माझ्या मतपरिवर्तनाची गोष्ट इथे संपायला हवी होती. माणूस चांगला असता तर संपली असती. पण पुढच्या मार्चच्या २३ तारखेला राज्याची अधिसूचना निघाली, सजावटीचं थर्माकोलही त्यात आलं, आणि सात महिन्यांपूर्वीचा तो साबुदाणा मी साफ विसरलो. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार दंड, दुसऱ्याला दहा, तिसऱ्याला पंचवीस हजार आणि तीन महिने कैद. एवढे आकडे मात्र तोंडपाठ झाले. थर्माकोलवाले उच्च न्यायालयात गेले, जुलैमध्ये तिथूनही नकार आला. मी घरात टीव्हीसमोर हात वर करून म्हणालो की कलेला या देशात किंमत नाही. कला! चुकलेल्या लचक्यावर कमळ चिकटवणारा मी.

त्यातली एक तक्रार मी आजही मागे घेतलेली नाही. मार्चमध्ये अधिसूचना, सप्टेंबरमध्ये चतुर्थी. ज्यांचं वर्षाचं पोट या धंद्यावर होतं आणि ज्यांनी शीटचा माल आधीच भरून ठेवला होता, त्यांना सावरायला वेळ फार थोडा मिळाला. माझं तसं नव्हतं, मला पगार होता. पण कुर्ल्याला, लालबागला ज्यांची गोदामं भरलेली होती त्यांचं मला आजही वाईट वाटतं. बंदी बरोबर होती, तिची तारीख चुकली, असं माझं मत आहे. २०२२ च्या १ जुलैपासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आली, तेव्हा निदान जवळजवळ वर्षभर आधी सांगितलं होतं.

दोन गणपती मी पुठ्ठ्यावर काढले. 'उत्सवी'चे नानासाहेब शेंडकर कितीतरी आधीपासून पुठ्ठ्याची घडीची मखरं करत होते आणि आम्ही थर्माकोलवाले आपापसांत त्याला खोकी म्हणायचो. आता खोकी करायची पाळी माझी होती. पहिल्या वर्षीची महिरप तिसऱ्या दिवशी भाद्रपदाच्या दमट हवेने मान टाकून बसली. पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या उभ्या ठेवायच्या असतात, मी आडव्या ठेवल्या होत्या. शिकलो. पण मनापासून सांगतो, पुठ्ठा मला आजही आवडत नाही. त्याला कड नाही, सावली नाही. थर्माकोलच्या जाळीमागे पिवळा बल्ब लावला की जो उजेड पाझरायचा, तो पुठ्ठ्यातून येत नाही. नाही म्हणजे नाही.

२०२० च्या ऑगस्टमध्ये, टाळेबंदीतच, वरच्या गच्चीतून आमच्या माळ्यावर पाणी झिरपायला लागलं. माळा रिकामा करणं भाग पडलं. वर माझी तीन मखरं होती, नमुन्याची म्हणून ठेवलेली. पोत्यात भरायची तर तुकडे करायला हवेत. मी पहिलं गुडघ्यावर घेतलं आणि मोडलं.

पाच मिनिटांत घराचं काय झालं ते सांगत नाही. पंखा चालू होता एवढंच सांगतो. दाणे मुलीच्या केसांत, देवाच्या निरांजनात, गॅसवरच्या आमटीत. मी उरलेलं अर्धं मखर हातात धरून उभा होतो. बायको स्वयंपाकघरातून आली, आमटीचा डाव हातात तसाच, आणि म्हणाली, "करताना तार लावता. मोडताना का नाही लावत?"

याला उत्तर नव्हतं. कटर पलंगाखालून काढला, रेग्युलेटर तिसऱ्या घरावर ठेवला. खिडक्या या वेळी उघडल्या. उरलेली अडीच मखरं अर्ध्या तासात विटांएवढ्या तुकड्यांत रचून झाली आणि एक दाणाही सुटला नाही. तोच बारीक आवाज. स्वतःच कापलेली जाळी स्वतःच्याच तारेने आडवी कापताना मी हिशेब करत होतो. चौदा वर्षं, वर्षाला दहा-बारा, म्हणजे दीडशेच्या आसपास मखरं. ती सगळी कुणीतरी कुठेतरी मोडली होती. गुडघ्यावर, पायाखाली, पावसात. माझ्या हॉलमध्ये न सांडलेला दाणा न् दाणा दुसऱ्याच्या दारात सांडला होता. माझी फरशी स्वच्छ होती कारण मी काम अर्ध्यावर सोडत होतो.

त्या भांडणाची आठवण काढून गेटवर सेक्रेटरींना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "कुठलं भांडण?" त्यांना आठवतही नव्हतं.

तेव्हापासून माझी तार उलटं काम करते. पहिल्यांदा शेजारणीने तिचं जुनं मखर आणलं, मग समोरच्या फेजमधून दोन आली, मग गोल्डन नेस्टच्या बाजूने कुणीतरी रिक्षात उभं धरून घेऊन आलं. लोकांच्या माळ्यांवर अजून खूप माल आहे. बंदी आली तरी कुणी टाकलं नाही, कारण टाकायचं कुठे? भंगारवाला घेत नाही. तो किलोवर जगतो आणि दोन इंची शीट चारशे ग्रॅमही भरत नाही. आख्खं मखर तागडीत घातलं तर चार किलो होत नाही. नव्याण्णव टक्क्यांच्या जवळपास ती हवाच. थर्माकोल हे मुळात एका कंपनीच्या मालाचं नाव, डालडासारखं सगळ्यालाच चिकटलं. डालडाचे डबे निदान रोपं लावायला उपयोगी पडायचे.

मग मी तुकड्यांची विल्हेवाट लावतो ती अशी. सपाट, न रंगवलेल्या पट्ट्या मत्स्यपेट्यांच्या दुकानात जातात, काचेच्या टाकीखाली अंथरायला. जाड ठोकळे दिवाळीत पोरांच्या किल्ल्यांच्या पोटात जातात. इथे अंगण कुठलं, किल्ला गॅलरीत किंवा जिन्याखाली होतो, आणि मातीचा आख्खा डोंगर चौथ्या मजल्यावर कोण चढवणार? आतून थर्माकोल, वरून गोणपाट आणि मातीचा पातळ लेप. मागच्या दिवाळीला आम्ही घोडबंदरचा किल्ला केला. तो आमच्यापासून रिक्षाच्या अंतरावर आहे आणि आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या पोरांनी तो पाहिलेला नव्हता. नकाशावरच्या समोच्च रेषा शीटवर काढून एकेक थर तारेने कापला, वर वर रचला. कापताना मी टेबलाशी आणि एक दहा वर्षांचा मुलगा आकडे म्हणायला. तो किल्ला मोडायचा नाही, सुटा करून ठेवायचा असं ठरलंय. थर सुटे आहेत, वर्षाने परत रचता येतात.

सगळ्याची सोय लागते असं मात्र नाही. सोनेरी तेलरंग मारलेले तुकडे कुणी घेत नाही. मी स्वतःच मारलेला रंग. त्या दोन गोणी आमच्या गॅलरीत पडून आहेत आणि बायको दर रविवारी त्यांच्याकडे बघून माझ्याकडे बघते.

तुमच्या माळ्यावर जुनं मखर असेल तर ते हाताने मोडू नका, घंटागाडीत तर देऊच नका. इंद्रलोकात किंवा आसपास राहत असाल तर रविवारी सकाळी घेऊन या, गेटवर मखरवाले काका विचारलंत की कोणीही घर दाखवेल. लांब असाल तर गावातल्या एखाद्या मॉडेल बनवणाऱ्याला गाठा, तार त्याच्याकडे असतेच. खिडक्या उघड्या ठेवायला सांगा. आणि पांढरं दिसतं म्हणून सनबोर्ड त्यात मिसळू नका. ते पीव्हीसी आहे, तार लागली की त्यातून आम्लाचा वायू निघतो. गादीचा फोमही नको, तो त्याहून वाईट. फक्त थर्माकोल आणा. रंगवलेलं असलं तरी आणा, तिसरी गोणी आम्ही लावू.